धुळ्याच्या भरती ऑफिसातले आम्ही

सरकारी ऑफिसात फायली हरवतात, किस्से हरवत नाहीत. त्यांना ना जावक नंबर लागतो, ना साहेबांची सही. माझ्याकडे नोकरीभराचा गठ्ठा साचलाय. मी पडलो सातवी नापास शिपाई, क्रमानं लावणं काही जमत नाही. हाताला येईल तो काढतो.

आमचं ऑफिस धुळ्यात एका जुन्या दगडी बंगल्यात होतं. इंग्रजांच्या लढाईत तिथं फौजेची भरती चालायची. पोरं पुढच्या दारानं आत जायची. नापास झालेला पुढूनच परत यायचा, पास झालेला मागच्या दारानं थेट ट्रकमध्ये. खिडक्यांच्या काचांना ब्लॅकआऊटचा काळा रंग होता, तो आमच्या काळापर्यंत कोणी खरवडला नव्हता. भरदुपारी ट्यूबलाइट लावून आम्ही काम करायचो. म्हणजे, ट्यूबलाइट लावायचो.

*

भिंतीवर उंची मोजायची लाकडी पट्टी अजून ठोकलेली होती. नवीन माणूस रुजू झाला की मी त्याला तिथं उभा करायचो. "नियम आहे साहेब, शर्ट काढा, छाती फुगवा." जळगावहून बदलून आलेले एक साहेब खरंच बनियनवर उभे राहिले, डोळे मिटून, श्वास रोखून. मी म्हटलं, "आता सोडू नका, रजिस्टर आणतो," आणि चहाला गेलो!

परत आलो तर साहेब पांढरेफटक. म्हणाले, "टेप फार थंड होती रे तुझी."

माझ्याकडे टेप नव्हतीच.

*

हेडक्लार्क नानांचा भुताबितावर विश्वास नव्हता. दर मे महिन्यात त्या भिंतीला चुना लागायचा आणि दसऱ्यापर्यंत पट्टीशेजारी पेन्सिलीच्या जुन्या रेघा परत वर यायच्या. नाना म्हणायचे, "चुना भेसळीचा." एका वर्षी त्यांनी स्वतः उभं राहून ऑइलपेंट मारून घेतला.

दसऱ्याला रेघा आल्या. एक जास्तच आली. नाना जवळ जाऊन उभे राहिले, तर ती बरोबर त्यांच्या टकलाला लागली.

दुसऱ्या दिवसापासून नाना टोपी घालून यायला लागले. म्हणाले, "आता नाही जुळत."

*

पाणी भरणाऱ्या आमच्या अक्का सोनगीरच्या. लग्नाच्या वर्षीच त्यांचा नवरा या बंगल्यात भरतीला शिरला. पंधरा वर्षांच्या अक्का बाहेर लिंबाखाली दिवसभर बसून राहिल्या. तो पुढून आला नाही. मागच्या ट्रकच्या यादीतही त्याचं नाव नव्हतं. पत्र नाही, तार नाही. पुढं अक्कांनी हट्टानं इथंच नोकरी धरली. कपाळावर कुंकू कायम. कोणी टोचून विचारलं तर म्हणायच्या, "आत गया तो. बाहेर कोठे आया?"

एकदा मला अवदसा आठवली. रेकॉर्ड रूममध्ये लपून जाड आवाजात हाक मारली, "ए, सोनगीरवाली!" अक्का कळशी टाकून धावत आल्या, ओल्या पायांनी. समोर मी. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "त्याना आवाज असा नही."

अख्ख्या ऑफिसची मस्करी केली मी, पण त्यानंतर अक्कांची केली नाही.

*

मग बंगला पाडायचा ठरला आणि ऑफिस नव्या इमारतीत निघालं. सगळे खूश. अक्का मात्र पायरीवर बसल्या त्या उठेनात.

"मी आठून गयू, ते त्याले कोन सांगी मी कोठे शे?"

नाना समजावायला गेले, "अक्का, चाळीसच्या वर वर्षं झाली."

"तुमन्या फायली बी तितल्याच जुन्या शेत. त्या बऱ्या नेतस?"

नाना टोपी सावरत आत गेले. शेवटी मी कोळसा घेतला आणि पुढच्या दारावर लिहिलं, 'अक्का नव्या ऑफिसात. टाकीमागे.' माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेलेली. अक्कांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मगच उठल्या.

*

नव्या ऑफिसात जाऊन महिना झाला असेल. दुपारची वेळ. टाकीमागे अक्का माठ भरत होत्या, मी विडी ओढत होतो. गेटवर धरणगावचा नवीन वॉचमन, आठ दिवसांपूर्वी लागलेला. त्यानं बंगला पाहिलेला नाही, किस्से ऐकलेले नाहीत. तो येऊन म्हणाला, "अक्का, एक जण आलाय. टाकीमागे जायचंय म्हणतो. वीस-बावीसचा असेल. अंगात शर्ट नाही, छातीवर खडूनं नंबर लिहिलाय."

अक्का माझ्याकडे वळल्या.

"हाई तुनं काम शे का रे?"

"नाही, अक्का."

माझ्यावर कोणी विश्वास ठेवावा असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

अक्का बघत राहिल्या. माठ भरून पाणी वाहायला लागलं. मग त्यांनी पदर सारखा केला आणि वॉचमनला विचारलं, "त्याले बसाले सांगं का?"

"सांगितलं ना. म्हणाला, बसतो भाऊ, सकाळपासून उभाच आहे."