बेकरी होती तिथून एक चौक तळ्याकडे

मेलिदा रोब्लेतोच्या घराला नंबर नव्हता, आणि तो कधी कुणाला लागलाही नव्हता. उलट निम्मी गल्ली तिच्याच घरापासून मोजली जायची. शिंपी कुठे बसतो? रोब्लेतोंची बेकरी होती तिथून दोन चौक तळ्याकडे. दातांचा डॉक्टर? बेकरी होती तिच्यासमोर, जाळीचं दार. ही बेकरी बंद पडून अठरा वर्षं झाली होती. युद्धाच्या दिवसांत पीठ यायचं थांबलं, मग तिचे वडील गेले, आणि भट्टीत आता कोंबड्या अंडी घालायच्या. तरी पोस्टमन, गॅसवाला, मयताला परगावाहून आलेली माणसं, सगळी त्या नसलेल्या बेकरीवरूनच वळायची. तळ्याकाठच्या या ग्रानादा गावात दुसरी रीतच नव्हती.

मेलिदाचं वय सत्तावन्न. नवरा फार पूर्वी दुसरीकडे संसार थाटून बसला होता. मुलगी इवानिया कोस्ता रिकात एका हॉटेलात चादरी बदलायचं काम करायची. घरात मेलिदा आणि कोंबड्या. संध्याकाळी पाचला फुटपाथवरचं ऊन हटलं की ती दोन झुलत्या खुर्च्या दारात काढायची. एक स्वतःची, एक नुबियाची.

नुबिया तिची कोमाद्रे, म्हणजे लेकीची धर्ममाता. इवानियाला बाप्तिस्म्याच्या वेळी नुबियानं हातात धरलं होतं, आणि त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींना नावानं हाक मारणं सोडलं होतं. "कोमाद्रे" म्हटलं की झालं. नुबियाचा नवरा ट्रक चालवायचा. तो गेल्यावर तिनं घराच्या मागच्या दोन खोल्यांत चार खाटा टाकल्या, अंगणात झोळ्या बांधल्या आणि भिंतीवर खडूनं लिहिलं: स्वयंपाकघर वापरा, भांडी घासा. हे वाचून सॅकवाले खूश झाले. पाठीवर घर बांधून फिरणारी ही गोरी पोरं हॉटेलात जायची नाहीत. दोन केळी घेतानासुद्धा तीन दुकानं विचारायची, दुपारी बागेतल्या बाकावर केळीच्या पानातला, उकडलेल्या युका कंदाचा विगोरोन दोघांत एक घ्यायची, आणि वरच्या कोबीचा शेवटचा तुकडासुद्धा सोडायची नाहीत. त्यातल्या कुणीतरी लिहिलं, आणि सगळ्यांच्या हातात असतं त्या जाड पुस्तकात नुबियाचं घर छापून आलं. "जिथं रोब्लेतोंची बेकरी होती तिथून एक चौक तळ्याकडे, पुढे पंचवीस वार. निळं दार. स्वस्त, स्वच्छ, मालकीणबाई नुबिया आईसारखी."

"बघ," नुबिया पुस्तक दाखवत म्हणाली होती, "माझ्या आधी तुझा बाप छापलाय."

त्यानंतर वर्षभर मेलिदा नुसती हात दाखवायची. बस बाजारापाशी थांबायची. सॅकवाले तिथून चालत यायचे, घामानं निथळत, पुस्तकात बोट घालून, आणि कोपऱ्यावर तिला विचारायचे, "रोब्लेतोंची बेकरी कुठे होती?" ती म्हणायची, इथेच. मग हात तळ्याकडे. ते मान हलवून पुढे जायचे. परक्या तोंडांत बापाचं नाव ऐकून सुरुवातीला तिला बरं वाटायचं. नंतर नंतर ती फक्त त्यांच्या पाठी बघायची. दिवसातून चार-पाच वेळा कुणीतरी तिच्या दाराशी थांबायचं आणि चार-पाच वेळा निघून जायचं.

ऑक्टोबरात एक मुलगी आली. नॉर्वेची, मारिट नावाची, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलेलं. टाच फुटून रक्त आलं होतं. तिनं विचारलं, "रोब्लेतोंची बेकरी?"

"हो, हीच."

मुलीनं तिथेच उंबऱ्यावर सॅक खाली ठेवली. खाली ठेवताना तिनं जो श्वास सोडला, तो मेलिदा पुढे कित्येक दिवस विसरली नाही. मग डोळे मिटूनच ती म्हणाली, "तुम्ही नुबिया?"

आधी पाणी देऊ, मग सांगू, असं मेलिदानं ठरवलं होतं. हे ती स्वतःला नंतर पुन्हा पुन्हा सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. पण तोंडातून "हो" गेलं. पाण्यानंतर टाच धुवायची होती. टाच धुतल्यावर मुलीनं विचारलं, माझी खाट कुठली? मेलिदानं इवानियाच्या खोलीचं दार उघडलं.

मारिट पाच दिवस राहिली. जाताना तिनं शाळेची एक वही विकत आणली, पहिल्या पानावर काहीबाही लिहिलं आणि सांगितलं, पुढच्यांनाही लिहू द्या. मेलिदाला त्यातले दोनच शब्द वाचता आले: ग्रासियास, म्हणजे आभार, आणि नुबिया. तिनं वही पिठाच्या रिकाम्या पेटीत ठेवली.

एकदाच, असं ती म्हणाली. मग दोनदा. नंतर तिनं म्हणणं सोडून दिलं. घोडागाडीवाले पाहुण्याला थेट नुबियाच्या दारात नेऊन सोडत, पण सॅकवाले घोडागाडी करत नाहीत. ते चालतात, आणि चालणारा कोपऱ्यावर विचारतोच. एका जर्मन मुलानं पुस्तकावर बोट ठेवून हुज्जत घातली: इथे एक चौक आणि पंचवीस वार लिहिलंय. मेलिदा म्हणाली, "पुस्तक लिहिणाऱ्यानं कुठं पट्टी लावून मोजलंय, बाळा? आत ये, ऊन आहे." तो आत आला.

डिसेंबरात, पुरिसिमाच्या सणाला सारं गाव व्हर्जिन मारियाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात सजतं, तेव्हा मेलिदानं दार निळं रंगवलं. नुबियानं ते पाहिलं आणि टाळी वाजवली.

"छान दिसतंय गं, कोमाद्रे! अगदी माझ्यासारखंच. राहिलेला रंग मला दे, माझ्या दाराचे पोपडे निघालेत."

मेलिदानं तिला रंग दिला. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

नुबियाच्या खाटा ओस पडू लागल्या. आधी दोन, मग तीन. पाचला ती येऊन खुर्चीत बसायची, पंख्यानं वारा घ्यायची आणि विचारायची, "आज कोणी दिसलं का सॅकवालं?"

"ऊन फार आहे गं. ऊन कमी झालं की येतील."

"मागच्या वर्षी काय ऊन नव्हतं? माझंच काहीतरी चुकलं असणार. चादरींना वास येतो का? खरं सांग. तू नाही सांगणार तर कोण सांगणार?"

"कसला वास! वेडी आहेस का?"

"मग पुस्तकात काही वाईट लिहिलं असेल. त्या डॅनिश पोराला मी भांडी घास म्हणून ओरडले होते. त्यानंच लिहिलं असेल."

हे बोलणं चालू असताना मेलिदाचे पाहुणे तळ्यावर असायचे. पावणेपाचला ती त्यांना बळंच बाहेर काढायची: आत्ता जा, आत्ताच तळं बघण्यासारखं असतं, साडेसहाच्या आत परत येऊ नका. भिंतीवर वाळत घातलेले मोजे घाईघाईनं काढून उशीखाली कोंबायची. मग खुर्च्या बाहेर. नुबिया उठून गेली की ती तिच्यासाठी सूप पाठवायची, युका आणि मक्याचं कणीस घातलेलं, मोठ्या पातेल्याचं अर्धं.

"किती करतेस गं माझ्यासाठी," नुबिया दुसऱ्या दिवशी पातेलं घासून परत देताना म्हणायची. मेलिदाला वाटायचं, हिनं ते पातेलं आपल्या डोक्यात घालावं.

ती पापनिवेदनालाही गेली. जाळीपलीकडून फादरनी विचारलं, खोटं बोललीस? कुणाशी? "परक्यांशी," ती म्हणाली. फादरनी तीन वेळा मारियाची प्रार्थना म्हणायला सांगितली. तीन! ती बाकावर बसून तीस वेळा म्हणाली, आणि उठली तेव्हा मनावरचं काहीच हललं नव्हतं. अर्धं सांगितलं की माफीही अर्ध्याचीच मिळते, आणि ती अर्धी माफी घेऊन काय करायचं हे कुणी सांगत नाही.

इस्टरनंतरच्या गुरुवारी नुबिया पाचला आली ती चादरींचा गठ्ठा घेऊन.

"सोमवारची बस," ती खुर्चीत बसत म्हणाली. "तिकीट काढलं. तिकडे कोस्ता रिकात, सान होसेला एका बाईला पोरं सांभाळायला माणूस हवंय. इवानियानंच बघून दिलं, माझी गुणाची पोर."

"या वयात?"

"मग काय, रिकाम्या खाटांशी गप्पा मारू? या चादरी ठेव तुला. बऱ्या आहेत अजून. आणि ऐक, कुणी सॅकवाला आलाच माझ्या दारावर, तर तुझ्याकडे पाठव म्हणून शेजारणीला सांगितलंय. तुझ्याकडे इवानियाची खोली पडूनच आहे, दारही निळंच आहे. त्यांना काय कळतंय!" आणि ती आपल्याच बोलण्यावर हसली.

मेलिदा उठून आत गेली. भट्टीपाशी क्षणभर उभी राहिली. सोमवारपर्यंत फक्त गप्प बसायचं होतं. चार दिवस. मग विचारणारं कुणी उरणार नव्हतं आणि पाचला कुणाला तळ्यावर पाठवावं लागणार नव्हतं. तिनं पिठाची पेटी उघडली, वही काढली आणि बाहेर येऊन नुबियाच्या मांडीवर, चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"हे काय?"

"वाच."

"ही गोऱ्यांची भाषा मला कुठली येतेय?"

"येईल. वाच."

नुबियानं चष्मा लावला. पान उलटलं. दुसरं उलटलं. मग बोट लावून वाचू लागली, ओठ हलवत, आणि प्रत्येक पानावर तेवढ्याच एका शब्दाशी थांबू लागली.

"हे माझं नाव आहे," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या पाहुण्यांनी तुझ्याकडच्या वहीत का..." आणि ती थांबली. समोरच्या डॉक्टरच्या दाराकडे बघत राहिली. मग वही मिटून म्हणाली, "कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"दारही त्यासाठीच?"

"पुरिसिमासाठी पण होतं."

"व्हर्जिनला मध्ये आणू नकोस."

"नाही."

"मी इथं रोज बसायचे. तेव्हा ते कुठे असायचे?"

"तळ्यावर. मीच पाठवायचे."

नुबियाच्या तोंडून एक आवाज आला. हसण्यासारखा, पण हसू नव्हतं ते. "म्हणजे मी इथं चादरी हुंगत बसले होते, आणि ते तिकडे तळं बघत होते. आणि सूप? पाहुण्यांचं उरलेलं मला?"

"नाही गं. तुझ्यासाठी वेगळं करायचे. शपथ."

"मग तर अजूनच वाईट."

मेलिदा आपल्या खुर्चीच्या कडेला टेकली.

"का केलंस? सांग ना. उपाशी होतीस?"

"त्या पोरीनं सॅक खाली ठेवली," मेलिदा म्हणाली. "सगळे विचारतात आणि पुढे जातात. तिनं सॅक इथं खाली ठेवली."

"मग मला म्हणायचं होतंस! चार खाटा भरल्या की पाचवा मी कुणाकडे पाठवला असता? तुझ्याचकडे ना, बाई?"

शिव्या आल्या असत्या तर त्या मेलिदानं झेलल्या असत्या. या वाक्याला कुठे धरावं हे तिला कळेना.

त्याच वेळी कोपऱ्यावरून ते दोघं आले, एक उंच बेल्जियन जोडपं, चपला हातात, पायांना तळ्याची वाळू. ते आज लवकर परतले होते. मुलीनं लांबूनच हात करून नमस्कार घातला. "ओला, नुबिया!"

"ओला," नुबिया म्हणाली.

दोघं गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघू लागली. नुबिया उठली, वही काखेत धरली आणि परक्यांशी बोलतात तसं एकेक शब्द सोडवून बोलली. "मी नुबिया. पुस्तकातली. तुमचं घर चुकलंय. सामान घ्या."

"पण या..." मुलगा मेलिदाकडे बघत म्हणाला.

"ही बेकरी," नुबिया म्हणाली, आणि चालायला लागली.

सामान आणायला मेलिदाच आत गेली. एक सॅक मुलाला दिली, दुसरी कुणाला विचारायच्या आत आपल्या पाठीवर घेतली. ती इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. पट्टे खांद्यांत रुतत होते. एक चौक, आणि पुढे पंचवीस वार, गल्लीतल्या प्रत्येक दारात खुर्ची होती आणि प्रत्येक खुर्चीतून कुणीतरी विचारत होतं, "काय गं मेलिदाबाई, कुठल्या प्रवासाला?" ती पट्टे धरून चालत राहिली.

निळ्या दाराशी नुबियानं पाहुण्यांना आत घेतलं, खाटा दाखवल्या, पाण्याचं मडकं दाखवलं. मग बाहेर येऊन मेलिदाच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली. स्पर्श होणार नाही इतक्या अलगद.

"तिकीट परत करायचंय," ती म्हणाली आणि झग्याच्या खिशातून ते काढून पुढे धरलं. "सकाळी सहापासून रांग असते. ते तू कर."

"करते."

"आणि उद्यापासून माझी खुर्ची काढू नकोस."

"कधीपर्यंत?"

"मला काय माहीत?" नुबिया म्हणाली. "ते मी तुला सांगायचं का आता?" आणि दार लागलं.

शुक्रवारी पहाटे मेलिदा साडेपाचलाच बसच्या तिकीटखिडकीशी जाऊन उभी राहिली. तिच्याआधी अकरा जण होते: झोपलेली मुलं खांद्यावर घेतलेल्या बाया, खोक्यांना दोऱ्या बांधणारे पुरुष, सगळे सोमवारी कुठेतरी जाणारे. सूर्य बसच्या टपावर आला. तिच्याकडे छत्री होती. मागच्या बाईनं म्हटलंसुद्धा, उघडा की मावशी, दोघींना सावली होईल. तेव्हा तिनं छत्री उघडली आणि सगळीच्या सगळी त्या बाईच्या डोक्यावर धरली.

रांग सरकत होती. आठ, पाच, तीन. खिडकीतल्या माणसानं हात पुढे केला तेव्हा मेलिदाला फादरच्या त्या तीन प्रार्थना आठवल्या. इतक्यात?