होळीच्या दिवशीचे दोन जाळ

पलटण सोडून कतारला आलो त्याला सहा वर्षं झाली. राहायला बरवा अल बराहा या कामगारांच्या वसाहतीत, वॉचमनची ड्युटी अल हिलाल भागातल्या एका बिल्डिंगच्या गेटवर. वर नाशिकचे एक इंजिनिअर साहेब राहतात. परवा त्यांची मुलगी शाळेचा प्रोजेक्ट घेऊन खाली आली. विषय, जुन्या काळी किल्ल्यावरून किल्ल्याला जाळाने जाणारी खबर.

"फौजी अंकल, डिड इट रिअली वर्क?"

"हो बेटा," एवढंच म्हणालो. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, तोंडाने नीट सांगता येईना. म्हणून लिहितो.

पलटणीत असताना सरहद्दीवरच्या डोंगरात आमची पोस्ट नाल्याच्या तोंडाशी होती. वरची पोस्ट समोर दिसायची, पण चढ तासाभराचा. वर तीन जवान. तिथे शत्रूपेक्षा बर्फाचीच भीती. रेडिओ सेट बंद पडला तर काय, म्हणून सुभेदार साहेबांनी रॉकेलात भिजवलेली गोणपाटं दोन्हीकडे ठेवली होती. संध्याकाळी एक जाळ म्हणजे सगळं ठीक. दोन जाळ म्हणजे मदत पाठवा.

होळीच्या सकाळी सेटवर वरून नाईक महादेव बोलला. गुहागरकडचा, शिमग्याचा वेडा. "खालच्यांनो, आज आमची होळी बघा. तुमची म्हणजे शेकोटी! ओव्हर." दुपारी सेट बंद पडला.

१८१० वाजता मी सेंट्री, म्हणजे पहाऱ्यावर होतो. वर जाळ दिसला. शेजारी दुसरा. मला वाटलं, एक खबरेचा, एक होळीचा. तोंडावर हात मारून मी जोरात बोंब ठोकली.

१८३० ला सुभेदार साहेब आले.

"कशाची बोंब रे मघाशी?"

"वर होळी पेटली, साहेब."

"जाळ किती?"

"दोन."

"कधीपासून?"

"वीस मिनिटं झाली."

साहेबांनी शिवी दिली नाही. "दोर, फावडी घे. सगळे चला."

१९३५ ला पोचलो. बर्फाचा कडा सुटून पोस्टवर आला होता. महादेव बर्फाखाली, बाकीचे दोघे हातांनी उकरत होते. २०१० ला तो सापडला. श्वास नव्हता.

रिपोर्टमध्ये साहेबांनी लिहिलं, "होळीच्या दिवशी खूण बदलायला हवी होती, चूक माझी." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण वीस मिनिटं माझी होती.

वरच्या दोघांपैकी एकजण नंतर म्हणाला, "तुझी बोंब ऐकली. बर्फाखालून महादेवचा आवाज येत होता तेव्हा. मी त्याला ओरडून सांगितलं, खबर पोचली, निघाले रे ते."

"मग?"

"बरं म्हणाला. मग आवाज आला नाही."

नाईक महादेव. आम्ही निघालो, एवढं ऐकून गेला. तेव्हा आम्ही निघालो नव्हतो.