न बदललेला पासवर्ड

परवा बँकेत माझ्यापुढे उभे असलेले एक गृहस्थ मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्यांदा वाचून दाखवत होते. काउंटरमागच्या मुलीला नव्हे, फोनवरच्या कुणातरी साहेबाला. मी सरळ त्यांच्या हातातला फोन घेतला आणि बंद केला. गृहस्थ खवळले. खवळू देत. पिकल्या केसांच्या बाईवर लोक फार वेळ चिडत नाहीत, हा एक फायदा आहे. घरी येताना मात्र मला माजरीतलं आमचं नेटचं दुकान आठवत राहिलं, आणि तिथे येणारा एक माणूस. पासवर्ड बदला म्हणून मी त्याच्यापुढे जीव खाऊन ओरडायची आणि तो ढिम्म हलायचा नाही.

माजरी म्हणजे कोळसा. माझे यजमान खाणीच्या ऑफिसात होते, मी चंद्रपूरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि कॉलनीला लागून असलेल्या आमच्या भाड्याच्या घराला रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली होती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. त्या खोलीत मी तीन-चार कॉम्प्युटर मांडले. की-बोर्डच्या बटणांत काळी धूळ अशी जाऊन बसायची की रोज सकाळी पालथे करून झटकावे लागत. दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की मॉनिटर थरथरायचे आणि नवीन गिऱ्हाईक मला विचारायचं, "बाई, माझ्यानं काही बिघडलं का?"

इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. आधी किरकिर, मग शिट्टी, मग घशात काही अडकल्यासारखा आवाज, आणि मग लागलं तर लागलं. नेट चालू असलं की फोन बंद, आणि फोन करायचा तर नेट तोडावं लागायचं. आज हे कुणाला सांगितलं तर हसतात. मला मात्र ती किरकिर अजून कुठे ऐकू आली तर मी हातातलं काम टाकून उभी राहीन.

आता आमच्या कॉलनीची एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथे कुलपाची किल्ली शेजारी ठेवायची पद्धत होती. नवरा पहिल्या पाळीला, बायको बाजाराला, पोरं शाळेत, तर किल्ली कुठे? शेजारच्या बाईकडे. ती नसली तर तिच्या शेजारणीकडे. किल्ली स्वतःजवळ ठेवून गावाला जाणाऱ्या माणसाला लोक नावं ठेवत, आमच्यावर भरवसा नाही म्हणत. त्यामुळे पासवर्ड नावाची गोष्ट आली, तेव्हा लोकांनी तीही शेजारी ठेवली. माझ्याकडे ठेवली, एकमेकांकडे ठेवली. दारातूनच ओरडायचे, "बाई, जरा माझी मेल उघडून ठेवा, पासवर्ड अमका अमका." आणि रांगेत बसलेले सगळे मान डोलवायचे.

मी तोंडाची फटकळ. सगळ्यांना झापायची. "अहो, पासवर्ड म्हणजे किल्ली नाही, दात घासायचा ब्रश आहे. तो कुणी शेजारी ठेवतं का?" लोक हसायचे आणि पुन्हा तेच करायचे. उठताना खातं बंद न करता निघून जायचे, मग पुढचा माणूस बसला की त्याच्यासमोर आधीच्याचा सगळा संसार उघडा.

शेवटी मी खाणीचीच एक गोष्ट उचलली. आमच्या खाणीत खाली उतरणारा माणूस लॅम्परूममध्ये आपलं पितळी टोकन देऊन टोपीचा दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, टोकन परत. पाळी संपली आणि एखादं टोकन खिळ्याला लटकत राहिलेलं दिसलं, तर तो माणूस अजून खाली आहे, असं धरायचे आणि त्याला शोधल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मी पत्र्याची टोकनं कापून आणली आणि भिंतीला खिळे ठोकले. बसताना टोकन लटकवायचं, खातं नीट बंद केलं की काढून माझ्या टेबलावर परत द्यायचं. हे मात्र त्यांना एका दिवसात समजलं. कुणी टोकन न काढता निघाला की बाकीचेच ओरडायचे, "अरे, तुहा मानूस अंदरच हाये."

ज्याच्याबद्दल सांगते आहे, तो माणूस खाणीत पंप चालवायचा. जमिनीखालचं पाणी उपसायचं काम. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही म्हणायची. उंच, हडकुळा, बोलणं मोजकं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी. तिला त्याने एकट्याने वाढवलं, नर्सिंग शिकवलं. मग तिचं लग्न ठरवलं, पाहुण्यांना शब्द दिला, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरला. मुलीने आदल्या आठवड्यात नाही म्हणून सांगितलं आणि हैदराबादच्या एका दवाखान्यात नोकरी धरून निघून गेली. भाऊ चारचौघांत म्हणाला, "आता मी तिच्याशी बोलनार नाई. तिले एक अक्षर धाडनार नाई." आमच्याकडे चारचौघांत बोललेला शब्द माणसाला जन्मभर वागवावा लागतो. आणि भाऊ तर असा, की स्वतःच्या शब्दाखाली चेंगरून मेला असता पण हटला नसता.

असा हा माणूस पहिली पाळी करून, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्या दुकानात यायचा. त्याचं मेलचं खातं मुलीनेच जायच्या आधी चंद्रपूरला उघडून दिलेलं. पासवर्डही तिनेच घातलेला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "भाऊ, पासवर्ड बदलून घ्या. दुसऱ्याला माहीत असलेला पासवर्ड काय कामाचा?"

"राहू द्या."

"अहो, पण का?"

"राहू द्या म्हनलो ना."

तो एका बोटाने टाइप करायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी. एक ओळ लिहायला त्याला चहा थंड होईपर्यंत वेळ लागायचा. एकदा त्याने मला हाक मारली. "बाई, हे लिहिलेलं न धाडता तसंच ठेवता येते का?" मी त्याला मसुदा जपून ठेवायचं बटण दाखवलं. त्यानंतर तो रोज लिहायचा आणि रोज ठेवून द्यायचा. पाठवायचा काहीच नाही. मला वाटायचं, बिचारा मनातलं काढून टाकत असेल.

मग एके दिवशी त्याला अक्षरं मोठी करून हवी होती, म्हणून मी त्याच्या पडद्यापाशी गेले. वर त्याचं लिहिलेलं होतं: पंप बंद पडला होता, गुडघा दुखून राह्यला, आंबाडीची भाजी केली होती पन बेचव झाली. आणि त्याच्याखाली दुसऱ्याच कुणाचं तरी लिहिलेलं होतं: गुडघ्याले शेक द्या, भाजीत चण्याची डाळ टाकत जा.

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि आवाज दाबून म्हटलं, "भाऊ, घाबरू नका, पण तुमच्या खात्यात कुणीतरी घुसतं आहे. तुमच्या कागदावर लिहून जातं आहे."

तो पडद्याकडेच पाहत होता. म्हणाला, "मले माहीत हाये."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शब्द मोडला नव्हता त्याने. एक अक्षर धाडलं नव्हतं. तो इथे लिहून ठेवायचा, ती तिकडे त्याच पासवर्डने खातं उघडून वाचायची, खाली लिहून ठेवायची. शेजारी किल्ली ठेवून जावं, आणि कुणीतरी मागे येऊन पाणी भरून, चूल पेटवून ठेवावी, तसं चाललं होतं त्यांचं. मी उठले आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसले. त्यानंतर मी त्याला पासवर्ड बदलायला सांगितलं नाही. रागही आला होता, खोटं कशाला बोलू. एवढा जीव आहे, तर एक फोन कर की. पण ते बोलायची सोय नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळ्यांच्या खात्यांवर एक मेल आली. तुमचं खातं बंद होणार आहे, शेवटची सूचना, चालू ठेवायचं असेल तर इथे पासवर्ड भरा. मी दारावर पाटी लावली, ओरडून घसा बसवला, की ही थाप आहे, मेलवाले कधीच पासवर्ड मागत नाहीत. पोरांनी ऐकलं, बायकांनी ऐकलं. फसला तो भाऊ. कुणाला काही न सांगणारा, दुकानातला सगळ्यात सावध माणूस. मी त्या वेळी आत होते. खाणीत माणसं आयुष्यभर नोटीस वाचतात. गेटवर नोटीस लागली की तिच्याशी वाद घालायचा नसतो, सांगितलं ते मुकाट करायचं, नाहीतर जीवही जातो आणि नोकरीही. त्याने नोटीस वाचली आणि पासवर्ड भरला. शिवाय बंद होणार होतं ते काय साधं खातं होतं का?

दुसऱ्या दिवशी खातं उघडेना. चोराने पासवर्ड बदलून टाकला होता.

परत मिळवायची एकच वाट राहिली होती. खातं उघडताना एक गुप्त प्रश्न निवडून ठेवलेला असतो, त्याचं उत्तर द्यायचं. प्रश्न आला: तुमचा सर्वांत आवडता पदार्थ कोणता? मी म्हटलं, सुटलो. पण प्रश्न निवडला मुलीने आणि उत्तरही घातलेलं तिनेच. भाऊने सांबारवडी घातली, चुकली. भरीत घातलं, चुकलं. दोन-चार वेळा चुकलं की ते पान दिवसभरापुरतं बंद व्हायचं. तो रोज नवा पदार्थ घेऊन यायचा. पाटोडी. तांदळाची खीर. झिंगे. चेहरा उतरत चालला होता. एकदा मला म्हणाला, "बाई, मले काय आवडते, हे तिले काय वाटत असन?"

मी म्हटलं, "तुम्ही नका बोलू. नंबर द्या, मी विचारते." नंबर त्याला तोंडपाठ होता. पोरीने त्या मसुद्यातच कधीतरी लिहिला होता, त्याने तो कधी लावला नव्हता. मी नेट तोडलं आणि फोन लावला. तो दाराशी उभा, पाठ करून. मी माजरीहून बोलते म्हटल्याबरोबर पलीकडून पोरीने विचारलं, "बाबा बरे हायेत ना? खदानीत काही झालं का? किती दिवस झाले, मले खातंच उघडून नाई राह्यलं. मले वाटलं, बाबानंच पासवर्ड बदलला." मी तिला सगळं सांगितलं. ती रडली. उत्तर विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, उत्तर मले पाठ हाये. पन इचारायचं असन तं बाबानं इचारावं."

शेवटी त्याचीच पोर ती. मी भाऊला जसंच्या तसं सांगितलं, वर माझंही घातलं. "ती रडत होती. तुम्ही खाणीत गाडले गेलात, असं धरून बसली होती. आता तुमचा शब्द घेऊन काय पुजता का?" तो निघून गेला. मला वाटलं, हा आता या दारात पाय ठेवत नाही.

तीन-चार दिवस तो आला नाही. मग एका दुपारी आला. दुकान भरलेलं होतं. परीक्षांचे निकाल लागलेले, पोरं, आईबाप, सगळे कॉम्प्युटरला चिकटलेले. भाऊने सवयीने टोकन लटकवलं, कॉम्प्युटरकडे न जाता माझ्या टेबलाशी आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, फोन लावून द्या."

नेट तोडल्याशिवाय फोन लागत नव्हता. मी म्हटलं, "सगळ्यांनी हात काढा. नेट बंद होणार." गलका झाला. "ओ बाई, निकाल अर्धाच उघडला." मी डोळे वटारले. "निकाल कुठी पळून नाई चालला. बसा गप."

फोन लागला. भाऊने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "जेवली का?"

पुढचं मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण खोली केवढी ती. गुडघ्याचं बोलणं झालं, पंपाचं झालं, हैदराबादच्या पाण्याचं झालं. तो मधेच हसला. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. चारचौघांत शब्द दिला होता, चारचौघांतच मोडला, आणि मोडताना मान खाली घातली नाही. दुकानातले सगळे थांबलेल्या पडद्यांकडे तोंड करून शाळेतल्यासारखे गप्प बसले होते. निकाल अडकलेल्या पोराच्या आईने पदर डोळ्यांना लावला. कुणी घड्याळ पाहिलं नाही.

फोन ठेवून तो वळला. कपाळावर घाम, डोळे ओले. खोलीतल्या प्रत्येकाला आता एकच गोष्ट हवी होती. मीच विचारलं, "मग? काय निघालं उत्तर?"

भाऊने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग भिंतीवरचं आपलं टोकन काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"इचारायचं राह्यलंच, बाई," तो म्हणाला.