डब्याच्या झाकणावरचं टाइमटेबल

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी अभ्यास साचतो, तसे किस्सेही साचतात. अभ्यास आठवतो परीक्षेच्या तोंडावर, किस्से मात्र केव्हाही! आमच्या ग्रुपचे निम्मे किस्से एकाच गोष्टीचे: दीक्षाचं टाइमटेबल.

*

आमच्या नागपूरच्या कॉलेजात काही विषय आणि बॅचेस आपल्या आपण निवडायच्या असतात. आम्ही त्या दुपारची झोप सांभाळून निवडल्या. आमच्याच वर्गातली दीक्षा मात्र पहिल्याच आठवड्यात स्टीलचा डबा घेऊन आली, आणि झाकणावर टिकल्याच टिकल्या! सक्करदऱ्यात तिच्या आईचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. एका वाराची एक ओळ. मॅथ्स लाल, लॅब हिरवी, झोप काळी. काळ्या अगदी मोजक्या.

"झाकणावर काहून वं?" मी विचारलं.

"वही उघडाची राहून जाते गा. डबा तं माणूस उघडतेच ना!"

मी तेव्हाच मनातल्या मनात हात जोडले.

*

गजानन हा वाडीतल्या भाड्याच्या खोलीतला माझा पार्टनर. खिडकीखाली गोडाऊनचे ट्रक रिव्हर्स घेतात, हॉर्न वाजतात, पण हा पठ्ठ्या कूस बदलत नाही! त्याने दीक्षाकडून आपलंही टाइमटेबल करून घेतलं. तिने त्याच्या मोबाइलच्या कव्हरवर टिकल्या लावल्या. बहुतेक सगळ्या काळ्या, मधेच एखादी हिरवी.

"झोपेलेच एवढ्या?" तो चिडला.

"सगळ्यात जास्त क्रेडिट तूच देऊन राहिला ना तिले!"

*

एकदा कॅन्टीनबाहेर आमच्या डोक्यावरून विमान उतरायला निघालं. आम्ही वर पाहिलं, खाली पाहिलं, समोसा खाल्ला. दीक्षा मात्र ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

"मले याच्या पोटात हात घालाचा आहे," ती म्हणाली.

विमानतळाशेजारच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त होतात. तिथलं शनिवारचं ट्रेनिंग तिला हवं होतं, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचा जादा विषय याच वर्षी घ्यावा लागणार होता. आम्हाला आहेत तेच विषय झेपेनात, आणि ही पोरगी आणखी एक मागत होती! बापरे!

*

तो विषय नेमका सोमवारी सकाळी आठला, आणि तिची फिजिक्स लॅबही तेव्हाच. लॅबच्या मॅडमनी सांगितलं, "बुधवार दुपारची बॅच भरलीये. तिथला कुणी सोमवारी यायला तयार असेल तर सही करते. पण पहिल्याच सोमवारी तो आला नाही, तर तुझा जादा विषय रद्द!"

मी सोमवारच्याच बॅचचा, म्हणजे माझा उपयोग शून्य. दीक्षाने बुधवारच्या एकेकाला गाठलं, तर्री-पोहे खाऊ घालते म्हणाली.

"सोमवारी आठले? तर्री तुलेच राहू दे, बाई!"

दीक्षाचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बुधवारच्या बॅचमधला एक जण कुणालाही न सांगता मॅडमकडे गेला आणि सोमवारसाठी नाव देऊन आला. गजानन!

मॅडम म्हणे हसल्याच. आम्हाला मात्र हसू फुटेना. दीक्षा तर रडायच्या बेतात आली.

"याच्या भरोशावर माह्यं विमान?"

*

सोमवार उजाडला. गजाननला हलवून उठवायचं म्हणून मी हात टाकला, तर गादी रिकामी! मी तसाच कॉलेजला पळालो. लॅबला अजून कुलूप होतं आणि पायरीवर गजानन बसला होता. केस चापूनचोपून विंचरलेले, डोळे लालभडक. तेवढ्यात समोरून दीक्षा आली आणि जागच्या जागी थांबली.

"काहून गा, झोपला नाही का?"

"झोपलो असतो तं आलो असतो का?"

दीक्षाने बॅगेतून डबा काढला. झाकणावरची रविवारची काळी टिकली नखाने सोडवली, त्याच्या मोबाइलवर दाबून लावली, आणि धावत आठच्या क्लासला गेली.