कापलेली सही

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मेहकर-लोणार पट्ट्यात अंगात येणाऱ्यांच्या विरोधात जी गुलाबी पत्रकं वाटली जातात, त्यातली बरीचशी मीच लिहिलेली आहेत. ‘पुरावा द्या, नाहीतर दुकान बंद करा’ ही ओळ माझी. त्यामुळे हा अनुभव या सदराकडे पाठवताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी पाठवतेय. कारण यात चोर कोण, ते मला छापून हवंय.

आमचे उत्तममामा हवाई दलात होते. पायलट नाही — आर्मरर. म्हणजे लढाऊ विमानाच्या तोफांमध्ये गोळ्या भरणारा माणूस. एकाहत्तरच्या युद्धात ते ज्या विमानावर कामाला होते, त्याच्या रात्रीच्या लढाईचं मोठं चित्र पुढे एका चित्रकाराने काढलं. मोजक्याच प्रती छापल्या आणि प्रत्येकीवर चित्रकाराने नि त्या विमानाच्या पायलटने पेन्सिलीने सह्या केल्या. शौकीन लोक असल्या प्रती जिवापाड जपतात. एक प्रत पायलटसाहेबांनी मामांना दिली आणि म्हणाले, यावर तुमचीही सही पाहिजे, गोळ्या तुम्ही भरल्या नसत्या तर मी वर जाऊन काय केलं असतं?

मामांनी सही केली. पण साहेबांच्या ओळीत नाही. दोन बोटं खाली, कागदाच्या पार काठावर. उत्तम सखाराम वानखडे. मी यावरून त्यांच्याशी भांडायचे. ते हसून म्हणायचे, सवय आहे बाई, जात नाही.

चित्रात काळंभोर आभाळ. खाली नदीची फिकट रेघ. डावीकडे आपलं विमान, त्याच्या नाकापासून निघालेली पिवळ्या-नारिंगी गोळ्यांची रांग, आणि उजवीकडे शत्रूच्या विमानाच्या पंखाला लागलेली आग. आल्या-गेल्याला मामा त्या रांगेवर बोट ठेवून सांगायचे, “ह्या म्या भरेल होत्या.”

विमान सुटण्याआधी आर्मरर तोफांच्या सुरक्षा-पिना काढतो आणि लाल फितींसकट हात उंच करून पायलटला दाखवतो. म्हणजे आता तोफ चालेल. मामांची ती सवय शेवटपर्यंत गेली नाही. घरातून कोणीही एसटीला निघालं की ते दारात उभे राहून तसाच मूठ मिटलेला हात वर करायचे.

मामा गेल्यावर अण्णासाहेब भेटायला आले. आमच्या गावचे संस्थाचालक. आडनाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे. त्यांनी पोलीस-सैन्य भरतीची अकादमी काढली होती. मामीला शब्द दिला, चित्र अकादमीत लावतो, खाली वानखडेंचं नाव टाकतो, पोरं रोज पाहतील. मामीने स्वतःच्या हाताने ते भिंतीवरून उतरवून दिलं.

उद्घाटनाला पडदा सरकला आणि मी पाहिलं. नवी सोनेरी फ्रेम, आणि आत कागद दोन बोटं आखूड. चित्रकाराची सही होती, पायलटची होती. मामांची नव्हती. खाली पितळी पाटी — अण्णासाहेबांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. भाषणात तर तो पायलट त्यांच्या वडिलांचा जिवलग मित्रच होऊन बसला. ते वडील जन्मात जालन्याच्या पुढे गेले नव्हते. मामी पदराचं टोक तेवढं मुठीत घट्ट धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी मेहकरात फ्रेमवाल्या रफिकभाईंकडे गेले. मी काही विचारायच्या आत त्यांनी ड्रॉवरमधून कागदाची पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. “अण्णा म्हणे खालचं काप, फ्रेममंदी बसत नाही. बसत होतं ताई. मले फेकवलं नाही.”

पट्टी मामीने भिंतीवर लावली, चित्राच्या रिकाम्या जागी. मी पत्रक काढलं — ‘सही कापणारे हात कोणाचे?’ बसस्टँडवर वाटलं. अण्णासाहेबांचा निरोप आला, पोरीले आवरा.

मग अकादमीच्या पीटी सरांचा फोन. निवृत्त फौजी, अण्णासाहेबांच्या पगारावर, म्हणून आवाज दबका. म्हणाले, एकदा येऊन पाहून जा. भर दुपारी गेले. चित्र आता अण्णासाहेबांच्या ऑफिसात, त्यांच्या खुर्चीसमोर होतं. ते स्वतः बाहेरगावी होते.

चित्रातली गोळ्यांची रांग नव्हती.

फिकट झालेली नाही. नव्हतीच. मोबाइलमधला जुना फोटो मी शेजारी धरला. फोटोत रांग आहे, समोर नाही. प्रत बदलली म्हणावं, तर पायलटच्या सहीजवळचा हळदीचा डाग तसाच होता, मामीच्याच हातचा. उन्हाने रंग उडाला म्हणावं, तर तिथे ऊन येतच नाही. आणि रंग उडाला तर त्याखालून तारे कसे निघाले?

पुढच्या वेळी गेले तेव्हा शत्रूच्या पंखावरची आग विझलेली होती. त्याच्या पुढच्या वेळी ते विमान वळलेलं होतं. नाक सरळ खुर्चीकडे. पीटी सर म्हणाले, अण्णांनी खुर्ची कोपऱ्यात सरकवून पाहिली, तर दुसऱ्या दिवशी नाक कोपऱ्याकडे. आणि चित्र उतरवायला आता कोणी हात लावत नाही.

शेवटी अण्णासाहेब मामीच्या दारात आले. तोंड उतरलेलं. मी तिथेच होते.

“वहिनी, ते पट्टी देऊन टाका. जोडून घेतो.”

“देतो ना,” मामी म्हणाली. “तुमच्या पोरायसमोर माईकवर त्यायचं नाव घ्या. पुरं, आडनावासकट. अन् कापलं कोणं, तेबी सांगा.”

“नावाचं काय घेऊन बसल्या वहिनी. पाटी लावतो ना.”

“पाटी तं लावेलच हाय तुम्ही.”

ते माझ्याकडे पाहू लागले. मी अंधश्रद्धेवर बोलणारी पोरगी, मी तरी म्हणेन की हे सगळे भास आहेत, अशी त्यांना आशा. मी तसं म्हटलं नाही. मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

“मंग राहू द्या,” मामी म्हणाली. “तुमच्या विमानात गोळ्या नाहीत अण्णा. भरणारा तुम्ही कापला.”

ते गेले. मामी भिंतीवरच्या पट्टीसमोर उभी राहिली आणि मूठ मिटून तिने हात वर केला. मामा करायचे तसाच. तिला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी पट्टीवर, मामांच्या सहीच्या पुढे कोऱ्या कागदावर, पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची रांग होती.

केमिस्ट्रीच्या सरांना दाखवली. जुना कागद असेल, म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. पुरावा मागणारी मी, पुरावा भिंतीवर आहे आणि स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

अण्णासाहेबांनी अजून नाव घेतलेलं नाही. रांग रोज थोडी पुढे सरकते. आता कागदाच्या काठाला आली आहे, आणि त्या काठाच्या पलीकडे मामीची खिडकी, रस्ता आणि अकादमीचं ऑफिस आहे.