गोडं पाणी

बाबा गेल्यावर मी आईला माझ्याकडे अमेरिकेत घेऊन आले. घरात बाबांचं नाव निघालं की मीच विषय बदलायचे. तिला त्रास नको, असं मला वाटे.

उन्हाळ्यात आम्ही गाडीने मिशिगन तलावावर गेलो. वाळूची उंच टेकडी चढल्याशिवाय तिथे पाणी दिसत नाही. आईचे गुडघे दुखतात. "तू गाडीत बस," मी म्हटलं. पण चपला हातात घेऊन ती चढू लागली. पाय वाळूत रुतून मागे घसरत होते, माझी लेक आजीला मागून ढकलत होती आणि दोघीही हसत होत्या.

माथ्यावरून पाहिलं, तर पलीकडचा काठच दिसेना. आई कोकणातली, समुद्राकाठी वाढलेली. खाली उतरून तिने ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि चमकून वळली.

"अगं, हे गोडं आहे!"

एवढं अफाट पाणी खारटच असणार, असं आपण किती सहज धरून चालतो!

"ह्यांनी पैज लावली असती, खारटच म्हणून," आई म्हणाली. "आणि हरल्यावर कबूल केलं नसतं."

घोटाभर पाण्यात उभी राहून ती बाबांबद्दल बोलत राहिली. या वेळी मी विषय बदलला नाही.