म्हशीची वहिवाट

झुंबरबाईंनी शाळेला गोठा दिला तेव्हा गावाला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच गोठ्यात त्यांनी म्हैस आणून बांधली, तेव्हा मात्र कुणालाच वाटलं नाही. बाई तशाच होत्या. माळणीनं वरून एक काकडी जास्त टाकली, तरी ती मोडून, वास घेऊन, "कामून दिली?" म्हणून विचारणाऱ्या.

साल चोपन्न. पेडगावापासून कोसभर आत आमचं गाव. आमचे हे, काशीनाथ मास्तर, चार वर्गांना एकटेच शिकवायचे. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. सप्ताह बसला की शाळा उठायची, आणि गावकुसाबाहेरची पोरं पायरीखाली उन्हात बसून पाढे म्हणायची. सगळ्यांना एका चटईवर बसवता येईल अशी चार भिंतींची जागा हे शोधत होते. ती दिली झुंबरबाईंनी.

बाईंचे मालक पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली तापानं गेले. शेत हळूहळू दिराच्या, म्हणजे आप्पारावांच्या, नांगराखाली गेलं. बाईंच्या हाती उरलं ते हा गोठा, एक म्हैस आणि कोकिळा ही लेक. कोकिळा चौथीत. लेकीच्या पायी बाई "बसवा शाळा" म्हणाल्या खऱ्या, पण तेव्हा गावोगाव कूळ कायद्याचं वारं होतं. कायदा कुणी वाचला नव्हता. कळलं होतं एवढंच, की एकदा जो बसला तो उठत नाही.

एका सकाळी बाई माझ्या चुलीपाशी येऊन टेकल्या.

"मास्तरीणबाई, शाळंला कूळ लागतं का वो?"

"शाळा कसली कूळ, झुंबरबाई?"

"बसली तर हाय की. आप्पाभावजी म्हनले, साल भरलं की गोठा सरकारजमा. मंग वहिनी, तुमी म्हशीसंगट झाडाखाली."

"तुमचा विश्वास आहे त्यांच्यावर?"

"त्यांच्यावर न्हाई. पर तुमच्यावर तरी कामून ठिवू?"

मी चहा पुढे केला. बाईंनी आधी माझ्या कपाकडे पाहिलं, मी घोट घेतल्यावर मग प्यायल्या.

म्हणूनच म्हैस वर्गाच्या कोपऱ्यात होती. म्हैस आत तोवर वहिवाट आपली, असा बाईंचा कायदा. म्हैस निवांत रवंथ करी, फळ्यावर शेपटी मारी. गणित ऐन रंगात आलं की शेण टाकी. मग वर्ग थांबे, मुली शेण उचलत, पुन्हा सुरुवात. पहिलीची पोरं फळ्याऐवजी म्हशीकडेच बघत बसत. हे वैतागत, पण देवळापेक्षा बरं म्हणत.

आदल्या उन्हाळ्यात परभणीला मास्तरांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग झाला होता. नुसती घोकंपट्टी नको, मुलांना हातानं करू द्या, छडी कमी करा, असं तिथं सांगितलं. ह्यांनी ते मनावर घेतलं. त्याचाही बाईंना संशय. "छडी वाजत न्हाई, पोरगं रडत न्हाई. मंग आत दिसभर करायलेत काय?" म्हणून त्या दुपारी कुडाच्या फटीतून बघून जायच्या.

अशाच एका दुपारी त्यांना दिसलं ते भलतंच. चौथीची मुलं दोरी घेऊन गोठा मोजत होती. लांबी, रुंदी, मग गुणाकार. क्षेत्रफळाचा धडा चालला होता. दोरीचं एक टोक कोकिळेच्या हातात!

गावात दोरी टाकून जागा मोजताना बाईंनी आजवर फक्त मोजणीदार बघितला होता. आणि मोजणीनंतर जागा कुणाची तरी जाते, हेही बघितलं होतं.

त्या तशाच आत शिरल्या. लेकीच्या हातातली दोरी हिसकली. "मपल्याच लेकीच्या हातानं मपला गोठा मोजायलाव व्हय मास्तर? उठा! उठवा तुमची शाळा!"

ह्यांनी समजावलं. फळ्यावरचं गणित दाखवलं. "आकडं तर हायेतच की," बाई म्हणाल्या, "मोजणीदाराकडंबी आकडंच असत्यात."

शाळा देवळात परतली. बाईंनी कोकिळेचं नाव शाळेतून काढलं नाही, पण तिला घरात बसवलं. ती विहिरीवर दिसली की मान खाली घालून जायची. चौथीची परीक्षा महिन्यावर आली होती. ती बुडाली तर पोरगी चुलीला बांधली जाणार हे मलाही दिसत होतं, आणि मला वाटतं, बाईंनाही.

आठवडा झाला नसेल. बाई माळावरून परतल्या तर म्हैस बाहेर बाभळीला बांधलेली, आणि गोठा आप्पारावांच्या कडब्यानं छपरापर्यंत भरलेला.

"रिकामाच तर होता, वहिनी," आप्पाराव ओट्यावरून म्हणाले. "चार दिस ठिवला. घरचंच हाय."

बाई सरळ आमच्या दारी आल्या. प्रथमच माझ्या कपाकडे न बघता चहा प्यायल्या.

"मास्तरास्नी सांगा, उद्या पोरं धाडा."

"आणि म्हैस?"

"ती ऱ्हाऊ द्या बाहीर. एका म्हशीला एक गडी सोडून नेतो. चाळीस पोरास्नी सोडून न्या म्हनावं!"

सकाळी पोरं आली. पेंढ्या काढून त्यांनी आप्पारावांच्या ओट्यापुढे नीट रचून दिल्या. आप्पाराव ओरडले, पण पोरांत पाटलाचा भुजंगही होता, पेंढी डोक्यावर घेतलेला. पाटलाच्या पोरावर हात कोण उगारणार? भिंती मोकळ्या झाल्या तशी बाईंनी स्वतः दोरी आणून लेकीच्या हातात दिली. "मोज. आन् आकडा मोठ्यानं सांग, समद्या गावाला आयकू दे." कोकिळेनं सांगितला. आप्पाराव घरात गेले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत.

कोकिळा चौथी पास झाली. तपासणीनंतर सरकारनं शाळेला ह्यांच्या जोडीला आणखी एक मास्तर दिले. पण बाईंचा संशय काही गेला नाही. आता त्या सूप घेऊन शाळेच्या उंबऱ्यातच निवडायला बसत. लेकरांनी दोन दिवस एकच धडा म्हटला की आत डोकावत. "मास्तर, कालचंच कामून?" बाजाराच्या दिवशी त्यांनी हे शेजारच्या गावच्या बायांना सांगितलं असावं. कारण मास्तरांच्या पुढच्या सभेला तिथले बन्सीधर मास्तर ह्यांच्यावर उखडले, "काशीनाथराव, तुमची ती बाई आवरा! आमच्या गावच्याही बाया उंबऱ्यावर येऊन बसायला लागल्यात. घंटा झाली नाही तोच विचारतात, आज काय शिकवणार?" हे घरी येऊन पोट धरून हसले. त्यानंतर बन्सीधर मास्तरांची शाळा मात्र वेळेवर भरू लागली म्हणे.

जूनमध्ये कोकिळेला परभणीला पाचवीत घालायचं ठरलं. आदल्या दिवशी बाई तिला घेऊन आल्या.

"मास्तरीणबाई, तिथं उंबऱ्यावर बसू देत्यात का?"

"नाही देणार, झुंबरबाई."

बाई कोकिळेला जवळ ओढून तिच्या वेणीची गाठ घट्ट करत म्हणाल्या, "मंग तूच इचारत जाय. उत्तर पटंल तवाच खाली बसायचं."